मर्यादित आवृत्तीचे तिकीट-लिलाव कॅटलॉग: पारख, जुळवणी आणि जपणूक

टपाल तिकिटांच्या मोठ्या लिलावाचा कॅटलॉग बरेचदा दोन रूपांत निघतो. एक साधी, मऊ कव्हरची प्रत. ती भरपूर छापतात, बोली लावणाऱ्यांना टपालाने जाते आणि लिलाव उरकला की बहुतेक घरांतून रद्दीत जाते. दुसरी कापडी किंवा चामडी बांधणीची, मोजकीच काढलेली, कधी आत क्रमांक घातलेली. ती संग्रहाच्या मालकाला, खास ग्राहकांना आणि ग्रंथालयांना मिळते. पुढे वर्षानुवर्षे शोध चालतो तो या दुसऱ्या प्रतीचा. पण कण्यावरची सोनेरी अक्षरे आणि आतला क्रमांक एवढ्यावर भुलून पैसे मोजू नका. सगळ्या प्लेट (वेगळी छापलेली चित्रांची पाने), सुटे कागद आणि मिळालेल्या किमतींची यादी जागेवर असलेली साधी प्रत, यादी हरवलेल्या क्रमांकित प्रतीपेक्षा अभ्यासाला कितीतरी जास्त उपयोगी पडते. दोन्ही गोष्टी एकाच प्रतीत असतील तर मात्र ती सोडू नये.

काय जमवायचे ते आधी ठरवा

तिकिटांचा पहिला लिलाव पॅरिसमध्ये २९ डिसेंबर १८६५ रोजी झाला, न्यूयॉर्कमध्ये मे १८७० मध्ये आणि लंडनमध्ये मार्च १८७२ मध्ये. तेव्हापासून निघालेले सगळे कॅटलॉग कुणालाच जमवता येणार नाहीत. एका लिलावगृहाचे सगळे अंक, एका देशाच्या तिकिटांचे सगळे लिलाव किंवा एकेका नामवंत संग्राहकाच्या संग्रहाचे लिलाव, यांपैकी एक वाट धरा. मर्यादित आवृत्त्या बहुधा तिसऱ्या वाटेवर सापडतात, कारण खास बांधणीचा खर्च लिलावगृह करते तो अशाच संग्रहांसाठी.

या वाटेवर संचांचा प्रश्न लगेच येतो. फिलिप फेरारी या संग्राहकाचा संग्रह पॅरिसमध्ये १९२१ पासून १४ लिलावांत विकला गेला. आल्फ्रेड कॅस्परीचा संग्रह न्यूयॉर्कच्या एच. आर. हार्मरने १९५५ ते १९५८ दरम्यान १६ लिलावांत काढला. जोसाया लिलीचा संग्रह रॉबर्ट सीगलने १९६७-६८ मध्ये १० भागांत विकला. असे संच सुटे सुटे जमवताना गाजलेले भाग लवकर मिळतात आणि अडते ते एखाद्या पातळ, दुय्यम भागापाशी, कारण तो जपून ठेवावा असे त्या वेळी फारसे कुणाला वाटलेले नसते. म्हणून सुटे भाग घेताना आधी त्या पातळ भागांचा माग काढा. ते हाती लागले की बाकीच्यांची घाई नसते.

तिकिटांवरील पुस्तकांच्या, म्हणजे फिलाटेलिक ग्रंथसंग्रहांच्या लिलावाचे कॅटलॉगही दुर्लक्षू नका. त्यांत प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती, पाने, प्लेट, बांधणी आणि स्थिती नोंदलेली असते, त्यामुळे एखाद्या कॅटलॉगची खास आवृत्ती खरोखर निघाली होती का, याचा पुरावा तिथे मिळतो. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या साहित्यासाठी लॉर्ड क्रॉफर्ड यांच्या ग्रंथसंग्रहाची १९११ ची सूची हा अजूनही पहिला आधार आहे. क्रॉफर्ड यांनी १९०३ मध्ये सेंट लुइसच्या जॉन टिफनी यांचा संग्रह विकत घेऊन त्यावर हा ग्रंथसंग्रह वाढवला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे.

प्रत खास आवृत्तीची आहे की नंतर बांधून घेतलेली?

फसगत सर्वात जास्त इथे होते. कुणीतरी साधी प्रत बाइंडरकडून कापडात बांधून घेतो, कण्यावर सोनेरी अक्षरे टाकून घेतो, आणि काही वर्षांनी तीच 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विक्रीला येते. बांधून घेण्यात गैर काहीच नाही, मात्र तिची किंमत वेगळी. पुढच्या क्रमाने तपासा.

आधी मर्यादेची नोंद शोधा. ती मुखपृष्ठानंतरच्या पानाच्या मागे किंवा अगदी शेवटच्या पानावर असते: एकूण प्रती किती, ही कितवी, कधी सहीही. क्रमांक हाताने घातला असेल तर दहापट भिंगाखाली शाई कागदात मुरलेली दिसते. छापील क्रमांकाच्या कडा सरळ असतात. नोंदीचे पान फर्म्याचा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, भाग आहे की नंतर चिकटवलेले, ते पाहण्यासाठी पान हळूच उघडून कण्याजवळची घडी पाहा. चिकटवलेल्या पानाच्या मुळाशी गोंदाची बारीक रेघ दिसते आणि ते पान इतरांपेक्षा किंचित पुढे किंवा मागे असते. नुसत्या चिकटवण्यावरून प्रत खोटी ठरत नाही, कारण काही लिलावगृहेच हे पान नंतर लावतात. अशा वेळी त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहणे हाच उपाय.

क्रमांकाऐवजी रोमन आकडा किंवा अक्षर असेल तर ती विक्रीबाहेरची प्रत असू शकते. मालक, वर्णनकार किंवा छापखान्यासाठी अशा प्रती ठेवतात आणि जाहीर केलेल्या संख्येत त्या धरलेल्या नसतात. काही लिलावगृहे खास बांधणी काढतात पण प्रतींची संख्या कुठेच छापत नाहीत. तिथे 'फक्त शंभर प्रती' असे विक्रेता म्हणत असेल तर तो आकडा कुठून आला ते विचारा. पुरावा नसेल तर स्वतःच्या नोंदीत 'प्रकाशकाची कापडी बांधणी, संख्या अघोषित' एवढेच लिहा.

मग फूटपट्टी घ्या. पुन्हा बांधताना बाइंडर तिन्ही कडा कापतो, आणि पान साधारण ३ ते ५ मिलिमीटरने घटते. ए-फोर आकाराच्या कॅटलॉगचे पान २९७ ऐवजी २९२ ते २९४ मिलिमीटर भरले, पानांचे आकडे कडेला खेटले किंवा कडेपर्यंत छापलेल्या चित्राचा भाग तुटला, की प्रत नंतर बांधलेली समजा. मूळ मऊ कव्हर आत बांधलेले असणे हीदेखील बहुधा तीच खूण. कण्याच्या वरच्या टोकाशीही पाहा: शिवलेल्या फर्म्यांच्या घड्या एकापुढे एक गोलसर दिसतात, चिकटबांधणीत पानांच्या मुळाशी गोंदाचा सपाट थर असतो. मात्र अलीकडच्या काळात लिलावगृहेही साधा चिकटवलेला गठ्ठाच कापडी कव्हरात घालतात, त्यामुळे शिवण नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका.

जुळवणी: पान, लॉट, प्लेट, सुटे कागद

प्रत हातात आली की टेबल मोकळे करून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा तपासा. पानांचे आकडे आधी, मग लॉटचे, म्हणजे एका क्रमांकाखाली विकल्या जाणाऱ्या तिकिटांचे. लॉटचे आकडे सलग आहेत का, सत्र बदलताना उडी आहे का, आणि उडी असेल तर तिचा खुलासा सत्रांच्या वेळापत्रकात आहे का ते पाहा.

प्लेटच्या बाबतीत जुने कॅटलॉग फार त्रास देतात. मजकूर साध्या कागदावर आणि चित्रे आर्ट पेपरवर वेगळी छापलेली असत. या प्लेट कधी शेवटी एकत्र, कधी मध्येमध्ये घातलेल्या, आणि पुष्कळदा त्यांना पृष्ठांक नसतो. मग पान गहाळ झालेले पृष्ठांकांवरून कळणारच नाही. त्यासाठी उलट्या बाजूने जा. वर्णनात ज्या लॉटपुढे चित्राची खूण आहे, तारा किंवा प्लेटचा आकडा, त्यांची यादी करा आणि प्रत्येकाचे चित्र शोधून टिकची खूण करा. एकाच प्लेटवरचे पाच-सहा लॉट मिळत नसतील तर ती प्लेट गेली आहे. कुठून गेली तेही समोरच्या पानावरून कळते: अनेक वर्षे दाबून राहिलेल्या प्लेटची शाई समोरच्या कागदावर पुसट उमटते, आणि प्लेट काढली तरी तिकिटांचे करडे चौकोन तिथे तसेच राहतात. कण्यात फाडलेल्या पानाची पट्टी राहिली असेल तर तीही बोटाला लागते.

सुटे कागद हे सगळ्यात सहज हरवणारे अंग. शुद्धिपत्र, उशिरा आलेल्या लॉटची पुरवणी, मागे घेतलेल्या लॉटची चिठ्ठी, अपेक्षित किमतींचा वेगळा तक्ता, बोलीचा कोरा फॉर्म, लिलावगृहाचे सोबतचे पत्र. शुद्धिपत्राला कमी लेखू नका. 'लॉट ११२: दुरुस्त केलेला कोपरा' एवढी एक ओळ तिथे असते आणि मूळ वर्णनात ते तिकीट निर्दोष म्हटलेले असते. तेच तिकीट पुढे पुन्हा बाजारात आले, तर सत्य सांगणारा तो एकच कागद.

किमतींची यादी वाचायची कशी

यादी तीन रूपांत सापडते. लिलावानंतर टपालाने आलेले सुटे पत्रक, खास आवृत्तीत शेवटी बांधलेले छापील पान, किंवा लिलावात बसलेल्या माणसाने समासात पेन्सिलने टिपलेले आकडे. तिसऱ्या प्रकारात शेवटची पाने आवर्जून पाहा. टिपणारा मध्येच उठून गेला असेल तर आकडेही मध्येच थांबतात, आणि विक्रेता मात्र सगळी प्रत 'किमतींसह' म्हणतो. आकड्यांसोबत खरेदीदारांची नावे किंवा पाटी-क्रमांक (बोली लावताना उंचावायच्या पाटीवरचा आकडा) असतील तर त्या प्रतीचे मोल पुष्कळ वाढते, कारण तिकीट पुढे कुणाकडे गेले याचा धागा त्यातच असतो. लिलावकर्त्याची स्वतःची प्रत मिळाली तर राखीव किंमत (जिच्याखाली विकायचे नाही ती) आणि आधी आलेल्या बोल्याही तिथे दिसू शकतात.

आकडा कशाचा आहे, हे समजल्याशिवाय तो वापरू नये. ब्रिटिश गयानाच्या एक सेंट किरमिजी तिकिटाचेच पाहा. १९२२ मध्ये फेरारी लिलावात आर्थर हाइंड यांच्यासाठी ते ३,००,००० फ्रँकला सुटले, पण त्यावर १७.५ टक्के कर चढून देणे झाले ३,५२,५०० फ्रँक. १९८० मध्ये सीगलच्या लिलावात बोली ८,५०,००० डॉलरला थांबली आणि १० टक्के अधिभार धरून किंमत ९,३५,००० झाली. २०१४ मध्ये सदबीजकडे हातोडा ७९ लाख डॉलरला पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी होती, पण जाहीर झाला तो आकडा ९४.८ लाख. तिन्ही वेळी दोन-दोन आकडे खरे आहेत, आणि दोन स्रोत वेगवेगळी किंमत सांगतात ती बरेचदा यामुळेच. लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी खरेदीदाराकडून १० टक्के अधिभार घ्यायला १९७५ मध्ये सुरुवात केली. त्याआधीच्या यादीत साधारणपणे हातोड्याचीच किंमत असते, नंतरच्या यादीत दोन्ही शक्यता. विक्रीच्या अटींचे पान म्हणूनच प्रतीत असायला हवे: अधिभार किती आणि यादीत तो धरला आहे का, हे त्या पानावर किंवा यादीच्या माथ्यावर लिहिलेले असते.

यादीत लॉटचा आकडाच नसेल तर तो बहुधा विकला गेलेला नाही किंवा मागे घेतलेला आहे. स्वतःच्या नोंदीत तिथे शून्य लिहू नका, 'यादीत नाही' असे लिहा.

मूळ यादी मिळतच नसेल तर लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी किंवा पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्टची अमेरिकन फिलाटेलिक रिसर्च लायब्ररी यांसारख्या ग्रंथालयांत चौकशी करा. मिळालेली नक्कल आम्लमुक्त कागदावर छापा, कोपऱ्यात पेन्सिलने 'नक्कल' असे लिहा आणि आम्लमुक्त पाकिटात घालून प्रतीसोबत ठेवा. ती आत चिकटवू नका. उद्या मूळ यादी मिळाली तर ती लावायला जागा उरली पाहिजे.

साठवण आणि दुरुस्ती

या पुस्तकांचा खरा शत्रू त्यांचे वजन आहे. ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे ३०० पानांच्या, १३५ जीएसएम (चौरस मीटरला १३५ ग्रॅम) आर्ट पेपरच्या कॅटलॉगमध्ये १५० कागद गुणिले १३५ भागिले १६, म्हणजे सुमारे १,२६५ ग्रॅम नुसता कागद भरतो. हा भार दोन बिजागऱ्यांवर, म्हणजे कव्हर जिथे कण्याला जोडलेले असते त्या सांध्यांवर, लोंबकळत राहतो. उभे ठेवलेले पुस्तक काही वर्षांत पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे झुकते, आतला अस्तराचा कागद वरच्या टोकापासून फाटायला लागतो आणि मग सगळा गठ्ठा कव्हरातून सुटतो. दीड किलोच्या पुढची प्रत आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. उभी ठेवायचीच असेल तर शेजारची पुस्तके तिला दोन्ही बाजूंनी आधार देतील इतकी जवळ हवीत, पण ओढून काढावी लागेल इतकी घट्ट नकोत. काढताना कण्याच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. शेजारची दोन पुस्तके आत ढकला आणि मधली प्रत दोन्ही बाजूंनी धरून काढा.

तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के हे योग्य. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि कसरही वाढते. फार कोरड्या, थंड हवेत चिकटबांधणीचा गोंद ठिसूळ होतो आणि प्रत उघडताच पाने गळतात. सगळ्यात वाईट म्हणजे आर्ट पेपर भिजणे. त्याच्या चकाकत्या थरात चिकटद्रव्य असते. पाने ओली राहून एकमेकांवर वाळली की त्यांची वीट होते आणि मग ती कुणालाही सोडवता येत नाही. प्रत भिजलीच तर सहा-आठ तासांच्या आत, पाने ओली असतानाच, प्रत्येक पानाआड न चिकटणारा सिलिकॉनचा कागद घाला. तेवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडे न्या.

जाकिटासाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक कव्हर वापरा. पीव्हीसीचे कव्हर कालांतराने चिकट होते आणि कापडाचा रंग ओढते. रबरबँड, चिकटपट्टी, पेपर क्लिप आणि वर्तमानपत्राचे कात्रण यांपैकी काहीही आत राहू देऊ नका. कात्रणाची तपकिरी सावली समोरच्या पानावर कायमची उमटते. सेंटर पिनच्या जुन्या प्रतींत पिना गंजलेल्या असतील तर बोथट, सपाट पात्याने पिनेची टोके उघडा, पिना काढा आणि त्याच भोकांतून तागाच्या दोऱ्याने शिवा. नवी भोके पाडू नका.

फाटलेल्या पानाला जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. आर्ट पेपरवर मात्र ओल्या खळीने डाग पडतो, तिथे स्वतः प्रयोग करू नका. चामड्याच्या कण्यावरून हाताला तांबडी भुकटी लागत असेल तर तेल किंवा पॉलिश लावू नका. अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज ब्रशने हलके लावले की भुकटी थांबते. गेलेली ताकद मात्र परत येत नाही.

मऊ कव्हरच्या दुर्मीळ प्रती बांधून घेण्याचा मोह टाळा. आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी करून घ्या. आतला आकार पुस्तकाच्या लांबी-रुंदीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठा, खोली पुस्तकाच्या जाडीइतकीच. जास्त सैल झाली तर प्रत आत घासत राहते. सुट्या कागदांसाठी पेटीतच वेगळे पाकीट ठेवा.

दुरून खरेदी करताना

विक्रेत्याकडून या गोष्टींची छायाचित्रे मागा: मर्यादेच्या नोंदीचे पान, कण्याचे वरचे टोक, पुढची-मागची बिजागरी आतून, किमतींच्या यादीचे पहिले आणि शेवटचे पान. 'उत्तम स्थिती' या शब्दांवर विसंबू नका. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर सोबत रद्द केल्याचा शिक्काही हवा. तो नसेल तर त्या ग्रंथालयाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाठवणीत कोपरे मार खातात. पुस्तक आधी साध्या कागदात, मग बबल रॅपमध्ये, मग दोन जाड पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधायला सांगा. पुठ्ठे पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठे हवेत. बबल रॅपचे फुगे थेट कापडाला किंवा चकचकीत कव्हराला लागले तर उष्णतेने गोल ठसे उठतात.

नोंद आणि वापर

प्रत्येक प्रतीची नोंद एका ओळीत बसली पाहिजे: लिलावगृह, शहर, तारखा, संग्रहाचे नाव, विक्रीचा क्रमांक, लॉट कुठून कुठपर्यंत, पाने, प्लेट, पानाचा आकार मिलिमीटरमध्ये, बांधणी, मर्यादेची नोंद शब्दशः, किमतींची यादी कोणत्या रूपात, हस्ताक्षरे, उणिवा. मांडणी लिलावगृह आणि तारखेनुसार करा आणि मालकांच्या नावांची सूची वेगळी ठेवा. उलट केले तर मालकाचे नाव न देता झालेल्या लिलावांना जागाच मिळत नाही. प्रतीवर काही लिहायचे असेल तर २बी पेन्सिलने, मागच्या कव्हराच्या आतल्या खालच्या कोपऱ्यात.

जुन्या प्लेट आजच्या तिकिटाशी ताडायच्या असतील तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. त्यासाठी पुस्तक सपाट दाबावे लागत असेल तर स्कॅनर सोडा आणि ते ११०-१२० अंशांपुढे न उघडता आधारावर ठेवून कॅमेऱ्याने टिपा. छपाईच्या ठिपक्यांमुळे जाळीदार नक्षी उठली तर स्कॅनर-सॉफ्टवेअरमधला डिस्क्रीन पर्याय वापरा, पण मूळ फाइलही ठेवा. अनेक जुनी चित्रे लहान करून छापलेली आहेत, म्हणून मिलिमीटर मोजत बसू नका. शिक्क्याची रेघ तिकिटाच्या नक्षीला कुठे छेदते, तिकिटाच्या कडेचा कोणता दात आखूड आहे, कोणत्या बाजूचा समास किती अरुंद आहे, हे ताडा. तेव्हा अरुंद असलेला समास आज रुंद दिसत असेल तर कागद जोडलेला आहे. तेव्हा पेनाची रेघ होती आणि आज नसेल तर ती धुतलेली आहे.